मागच्या चाकाचं मी बघतो

किस्से हे गंजासारखे असतात. ते जमवायला काही करावं लागत नाही. समुद्राकाठच्या गावात सायकलचं दुकान टाकायचं आणि गप्प बसायचं; दोन्ही आपोआप चढतात. गंज निदान घासून काढता येतो. किस्से मात्र गिऱ्हाइकंच रोज तेलपाणी करून चकचकीत ठेवतात!

रत्नागिरीत नाचण्याच्या रस्त्याला माझं दुकान आहे. वडील सायकली भाड्याने द्यायचे, मी विकतो आणि दुरुस्त करतो. शिक्षण विचाराल तर नट खोलता खोलता जेवढं झालं तेवढं. लोक मला शेठ म्हणतात. त्याचा श्रीमंतीशी काही संबंध नाही. आमच्याकडे गल्ल्यामागे खुर्ची टाकून बसलेला कुठलाही माणूस शेठच असतो.

अलीकडे मी मोटरवाल्या डोंगरी सायकली ठेवायला लागलो. इलेक्ट्रिक माउंटन बाईक! आमच्या गावाला ही वस्तू म्हणजे वरदानच. कारण रत्नागिरीत सपाट रस्ता कशाला म्हणायचं, तर एक चढ संपून दुसरा सुरू होईपर्यंत माणूस जिथे श्वास घेतो, त्याला!

ह्या सायकलीची मोटर पेडलपाशी असते. माणसाच्या पायाचं बळ आणि मोटरचं बळ, दोन्ही एकाच चेनवरून मागच्या चाकाच्या मधोमध जातं. तिथे बसतो हब. हबच्या पोटात बारीक दात्यांची एक चकती असते. पेडल मारलं की ती चाकाला धरते, पाय थांबला की सोडते. उतारावर जो ‘टर्रर्र’ आवाज येतो तो तिचाच. थोडक्यात, घरात कमावणारे दोघं आणि ओझं वाहणारा एकटा, अशी त्या हबची परिस्थिती. आणि आपल्याला माहीतच आहे, अशा घरात आधी कोण बसतो ते!

पुढचे सगळे किस्से त्या बसलेल्या हबचे आहेत.

\* \* \*

माझ्याकडून ह्या सायकली घेणाऱ्या चौघांची एक टोळी आहे. दर रविवारी सकाळी निघतात. नाव ठेवलंय ‘चढ मंडळ’. पहिले भाऊ साळवी, आंब्याचे बागायतदार. शरीराने असे की सायकलवर बसले की सायकल दिसत नाही. दुसरे डॉक्टर नेने, दातांचे. तिसऱ्या माधुरीताई पाटणकर, बँकेत कॅशियर. आणि चौथे कांबळे सर, हायस्कुलात जन्मभर विज्ञान शिकवून निवृत्त झालेले.

पहिली सायकल भाऊंनी घेतली. आता आमच्याकडे नवीन वाहन घेतलं की नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतात. एकजण मोठ्याने मागणं मागतो आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला ‘होय महाराजा’ म्हणायचं. मंडळातले बाकी तिघं, दोन गिऱ्हाइकं, शेजारचा पानवाला, सगळे जमले. भाऊंचा आवाज खणखणीत.

“बा देवा महाराजा! आज तुझ्या लेकराने बिनपेट्रोलची गाडी घेतलीय, ती गोड मानून घे रे महाराजा!”

“होय महाराजा!”

“चढाला बळ दे, उताराला ब्रेक दे रे महाराजा!”

“होय महाराजा!”

मीही जोरात ओरडत होतो. आपल्याच दुकानातली विक्री, उत्साह असणारच. तेवढ्यात भाऊंनी श्वास न घेता पुढचं वाक्य टाकलं.

“आणि ह्या गाडीचं काही वाईटवाकडं झालंच, तर ते सगळं शेठ स्वतः निस्तरतील, अशी त्यांना बुद्धी दे रे महाराजा!”

“होय महाराजा!”

सगळ्यात मोठा आवाज माझा होता!

भाऊ हात जोडूनच माझ्याकडे वळले. “शेठ, देवासमोर हो म्हणालात हां.” मी म्हटलं, “भाऊ, निर्धास्त राहा. मागच्या चाकाचं मी बघतो.” बाकीच्या तिघांनी ह्या एका वाक्यावर सायकली घेतल्या. कंपनीची वॉरंटी छापील होती, पण ती कुणी वाचली नाही. माझी तोंडी होती, ती सगळ्यांच्या लक्षात राहिली.

\* \* \*

पहिला हब डॉक्टरांचा बसला, आरे-वारेच्या चढावर. डाव्या हाताला समुद्र, समोर उभा चढ. डॉक्टरांनी जोर लावला, आतून ‘कटक्’ झालं आणि पेडल पंख्यासारखं गरगर फिरायला लागलं. गाडी मात्र जागची हलेना. हलेना म्हणजे पुढे हलेना. चढ असल्यामुळे मागे छान जात होती.

डॉक्टर शिकलेला माणूस. त्यांना वाटलं, गिअर चुकला. ते पेडल मारतच राहिले. पाय पुढे चाललेत, डॉक्टर मागे चाललेत! बाजूने डोक्यावर पाटी घेऊन एक मासेवाली चढत होती. ती थांबली, जरा बघितलं आणि म्हणाली, “डाक्टर, उलटं जायला पन मशीन हाय काय ह्याला?”

सायकल टेम्पोत घालून दुकानात आणली. मी हब खोलला. चकतीचे दाते झिजून गोल गुळगुळीत झालेले. डॉक्टरांनी खिशातला टॉर्च काढला, वाकून आत बघितलं आणि सवयीने म्हणाले, “किती दिवसांपासून दुखतंय?”

मग स्वतःच सावरले. “शेठ, ह्यावर कॅप नाही बसवता येणार?”

मी म्हटलं, “डॉक्टर, ह्या तोंडाला कवळीच लागणार.”

\* \* \*

भाऊंच्या चाकाची गोष्ट वेगळी. त्यांच्या हबमध्ये बेअरिंग कुरकुरायला लागलं. माझ्याकडे यायचं सोडून भाऊंनी घरगुती उपाय केला. कोकमाच्या बियांचं तेल काढून त्याचा जो घट्ट गोळा करतात, ते मुठेल. थंडीत टाचांना भेगा पडल्या की आमच्याकडे तेच लावतात. भाऊंचं शास्त्र सरळ होतं: “पिढ्यान्‌पिढ्या आमच्या टाचा ह्याच्यावर चालल्या, चाक कसं नाही चालणार?”

आणि सकाळी चाललं की हो! लोण्यासारखं फिरायला लागलं. भाऊंनी चढ मंडळाच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला, खाली लिहिलं, ‘कोकणी ग्रीस. कंपनीला अक्कल शिकवू.’ डॉक्टरांनी अंगठा दाखवला.

दुपारी भाऊ कातळावर गेले. उन्हात तापलेला उघडा काळा दगड, त्यावर चाक तापलेलं. मुठेल वितळलं. वितळलं ते हबमधून निघालं आणि बाजूच्या ब्रेकच्या चकतीवर पसरलं. भाऊ उताराला लागले आणि ब्रेक दाबला. ब्रेकने मुठेल लावून मऊ झालेल्या टाचेसारखा अलगद स्पर्श केला आणि सोडून दिलं!

उताराच्या तळाशी भाऊंच्या चुलत भावाची बाग. बागेला चिऱ्याच्या दगडांचा गडगा, म्हणजे कुंपणाची बुटकी भिंत. त्या गडग्याच्याच हद्दीवरून दोघांची कोर्टात केस चालू आहे. भाऊ, सायकल आणि दोन चिरे असे एकत्रच पलीकडच्या पालापाचोळ्यात उतरले. भाऊंना लागलं काही नाही. त्यांना लागण्यासाठी आधी बरंच आत जावं लागतं.

चुलत भाऊ धावत आला. भाऊ जिवंत आहेत हे बघितल्यावर त्याने पहिलं वाक्य उच्चारलं, “केस चालू असताना हद्द ओलांडलीस? साक्षीदार आहेत हां माझ्याकडे!”

भाऊ पडल्या पडल्या म्हणाले, “मी नाही ओलांडली. मुठेलाने ओलांडली. त्याला पाठव नोटीस!”

\* \* \*

माधुरीताई सायकलीला अतिशय जपतात. इतकं जपतात की त्या जपण्यानेच सायकल आजारी पडते.

एकदा त्या माहेरच्या माणसांबरोबर वेळणेश्वरला गेल्या. देवदर्शन झालं, मग किनाऱ्यावर ओल्या वाळूतून सायकल चालवली. लाटेतून जातानाचा फोटो काढायचा होता, तो एकदा नीट आला नाही, म्हणून पुन्हा लाटेतून. घरी आल्यावर खारं पाणी लागलंय म्हणून ओळखीच्या गॅरेजवर नेऊन ट्रक धुतात त्या पाइपाने सायकल धुतली. वाळू आणि मीठ हबच्या तोंडाशी होतं, ते पाण्याच्या जोराने आत जाऊन मुक्कामाला राहिलं.

चार-सहा दिवसांत चाक बोलायला लागलं. ताईंचा फोन. “शेठ, आवाज येतोय.” म्हटलं, “कसला?” ताईंनी तोंडाने काढून दाखवला. मला काही कळेना. म्हटलं, “रेकॉर्ड करून ग्रुपवर टाका, सगळेच ऐकू.”

आली क्लिप. आम्ही सगळ्यांनी कान देऊन ऐकली. आधी लांब घरघर, मग मध्येच थांबणार, मग एक ‘खट्’, आणि पुन्हा घरघर.

डॉक्टर म्हणाले, “बेअरिंगमध्ये पाणी आहे.”

भाऊ म्हणाले, “वायच मुठेल लावून बघा.” मार खाऊनही माणूस बदलत नाही!

कांबळे सरांनी पूर्ण वाक्यात लिहिलं, “मध्ये मध्ये थांबतंय, ही गोष्ट गंभीर आहे. बाहेरून ठीक दिसलं तरी आतून संपलेलं असणार. दुरुस्तीत वेळ घालवू नये, सरळ नवीन आणावं.”

मी त्याला दुजोरा दिला. व्यापारी माणूस, मी कशाला नाही म्हणतोय!

मग ताईंचा मेसेज आला, “सॉरी हं. चुकून दुसरी क्लिप गेली. ते आमचे हे घोरतायत.”

सरांनी लिहिलं, “माझ्या मतात बदल नाही.”

\* \* \*

आता कांबळे सरांचा हब. सगळ्यांत महत्त्वाचा, कारण तो माझा एकमेव निर्मळ साक्षीदार होता. सर समुद्राकडे जात नाहीत. मुठेल टाचेलाही लावत नाहीत. सायकल कोरड्या फडक्याने पुसतात. पुस्तिकेत लिहिलंय तसंच सगळं. आणि तरीही त्यांची चकती निघाली ती डॉक्टरांसारखीच, बोडकी! म्हणजे आमचा अडाणीपणा होताच, पण दोष मुळात मालात होता.

मी कंपनीला कळवून दमलो होतो. सर म्हणाले, “द्या फोन. मी बोलतो. स्पीकरवर ठेवा.”

पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी. “सर, आपण सायकल चढावर वापरली होती का?”

सर म्हणाले, “माउंटन बाईक आहे ना, बाळ?”

“हो सर. पण सतत चढ वॉरंटीत येत नाही. समुद्रापासून जवळ राहता का?”

“गाव समुद्राला आहे. आमच्या आधीपासून.”

“मग खारी हवा येत नाही सर वॉरंटीत. पावसात वापरली?”

“इथे पावसात वापरायची नाही म्हटलं तर सायकलला शाळेसारखी सुट्टी द्यावी लागेल.”

“लाल माती, सर?”

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी दुकानाच्या फरशीकडे बघितलं. लाल होती.

सर शांतपणे म्हणाले, “बाळ, चढ नको, समुद्र नको, पाऊस नको, माती नको. मग ही सायकल चालवायची कुठे?”

“सर, नॉर्मल कंडिशनमध्ये.”

“नॉर्मल म्हणजे?”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. “म्हणजे, सर... पुण्यात.”

\* \* \*

बऱ्याच फोनांनंतर कंपनीने डॉक्टरांसाठी एक हब पाठवला. आनंदाने खोका उघडला, चाकात हब बांधला, तारा ओढल्या, चाक सरळ केलं आणि सायकलीत बसवायला गेलो तर बसेना! हब तांदळाच्या दाण्याएवढा जास्त रुंद. दुसऱ्याच मॉडेलचा.

कंपनीला फोन केला. ते म्हणाले, “थोडं ॲडजस्ट करून बघा ना.”

म्हटलं, “साहेब, हा हब आहे. सून नाही.”

भाऊ शेजारी उभेच होते. म्हणाले, “एवढ्याशासाठी कशाला अडता? माझ्याकडे पहार आहे. फ्रेम वायच फाकवू.” डॉक्टर सायकलीला मिठी मारून उभे राहिले.

एव्हाना गावात बातमी पसरली होती. रत्नागिरीत बातमीला मोटर लागत नाही. केस कापायला बसलो तर न्हावी मागून म्हणतो, “शेठ, तुमच्याकडची सायकल म्हणे उताराला धरून ठेवायची आणि चढाला खांद्यावर घ्यायची!” बाजारात कुणी ‘काय शेठ’ म्हणालं तरी मला ते ‘काय हब’ असं वाटायला लागलं.

हे सगळं मी हसून घेतलं. पण एक दिवस मंडणगडकडचा एक पाहुणा आपल्या नातवाला तीन चाकी सायकल घ्यायला आला. लाकडी घोड्याच्या तोंडाची, एवढीशी. त्याने ती उलटी केली, मागची दोन्ही चाकं फिरवून बघितली आणि मला विचारलं, “शेठ, ह्यातल्या कुठल्या चाकाचं तुम्ही बघता?”

त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं. वडिलांच्या वेळी गाव त्यांच्या भाड्याच्या सायकलवर डोळे मिटून बसायचं. आता माझ्याकडची तीन चाकी लोक उलटी करून बघायला लागले होते. सायकली जातील, दुसऱ्या येतील. पण ‘मी बघतो’ ह्या दोन शब्दांवर ह्या गावात दुकान चालतं, आणि तेच शब्द आता विनोद म्हणून फिरत होते. ह्या चौघांचे हब बदलून मिळाले नसते, तर ते दुकान मला दुसऱ्या गावी मांडावं लागलं असतं.

बायको म्हणाली, “स्वतःच्या खिशातून घालून द्या आणि मोकळे व्हा.” म्हटलं, “अगं, तसले हब बाजारात मिळत असते तर केव्हाच दिले असते. ते फक्त कंपनीकडे आहेत. आणि कंपनी पुण्यात आहे.”

बायको म्हणाली, “मग कठीण आहे.”

\* \* \*

शेवटी कंपनीने एक इंजिनियर पाठवला. केदार साहेब. तरुण, नम्र, हातात लॅपटॉप आणि बॅगेत नाना प्रकारची मापं. येताना योग्य मापाचा एक नवा हबही घेऊन आले. त्यांनी लिहायचं ते एकच होतं: दोष मालाचा की वापराचा. मालाचा लिहिलं तर चौघांना नवीन हब. वापराचा लिहिलं तर मी संपलो!

एकेक हब त्यांच्यापुढे ठेवला. भाऊंच्या हबला त्यांनी बोट लावलं, वास घेतला. “हे कुठलं ग्रीस?” भाऊ अभिमानाने म्हणाले, “घरचं.” साहेबांनी टाइप केलं. ताईंच्या हबमधून चहाच्या बशीत वाळू ओतून दाखवली. साहेबांनी टाइप केलं. डॉक्टरांचा बघितला, “चढाचा ताण,” टाइप केलं.

मी सरांचा हब पुढे केला. म्हटलं, “हा बघा. हा सोवळ्यातला आहे.”

साहेबांनी तो उलटासुलटा केला, भिंगाखाली धरला, बराच वेळ बघितला. मग म्हणाले, “वापर जास्त झालाय.”

कांबळे सर म्हणाले, “आमच्या शाळेत मुलं अभ्यास कमी करून नापास व्हायची. जास्त केला म्हणून नापास झालेला पहिल्यांदाच बघतोय.”

साहेब ओशाळले. पण म्हणाले, “सर, मी स्वतः चढून दाखवतो. मग तर झालं?” डॉक्टरांच्या सायकलीला नवीन हब बसवला आणि आम्ही सगळे निघालो. भाऊंनी मुद्दाम आपल्या गावच्या ग्रामदेवतेचा चढ निवडला. तो चढ असा की पूर्वी देवाला बोकड न्यायचे तर बोकडसुद्धा वाटेत दोनदा बसायचा.

साहेब निघाले. आम्ही मागून गाडीत, काचा खाली करून, कान बाहेर. आता ‘कटक्’ होईल, मग होईल! भाऊ तर तोंडाने ‘हां, हां, आता’ असं म्हणत होते. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. साहेब शीळ घालत देवळासमोर उतरले. हबला काहीसुद्धा झालं नाही!

आमच्या तोंडांवरची कळा अशी, की देवळात कुणी बघितलं असतं तर सांत्वनाला आलं असतं.

“बघितलंत?” साहेब म्हणाले.

भाऊ म्हणाले, “साहेब, नवीन आहे म्हणून चढला. आमचेही पहिल्या दिवशी चढलेच होते.”

“असेल. पण मी जे बघितलं तेच लिहू शकतो ना, भाऊ.” माणूस वाईट नव्हता. त्यामुळेच मला जास्त भीती वाटली.

देवळात गुरव होता. कुणीतरी देवाला कौल लावत होतं. साहेबांनी कुतूहलाने विचारलं, हे काय? भाऊंनी समजावलं, “देवाच्या अंगाला ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी आधी पडली तर होय. डावी पडली तर नाही.”

साहेब हसले. कांबळे सरांकडे वळून म्हणाले, “सर, तुम्ही तर विज्ञानाचे. तुम्ही मानता हे?”

“अजिबात मानत नाही,” सर म्हणाले. “पण उत्तर तुमच्या कंपनीपेक्षा लवकर मिळतं, हे मान्य करावं लागतं.”

दुकानात परत आलो. साहेबांनी नवीन हब सायकलीवरच राहू दिला. सोलकढी दोनदा मागून घेतली, सगळ्यांशी हात मिळवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “शेठ, मला रिपोर्ट ‘वापराचा दोष’ असाच द्यावा लागणार. सॉरी.” आणि गाडीत बसून गेले.

मी चौघांना म्हटलं, “मी शब्द दिला होता. काहीतरी करीन.” काय करीन ते मलाच माहीत नव्हतं, त्यामुळे कुणी विचारलं नाही हे बरं झालं. माधुरीताई तेवढ्या म्हणाल्या, “असू दे शेठ, आम्ही चालत जाऊ.” टोमणा असता तर सोसला असता. त्या मनापासून म्हणाल्या, ते जास्त लागलं.

पुढच्या आठवड्यात कंपनीचा भला मोठा खोका आला. उघडला आणि मी तिथेच स्टुलावर बसलो. आत हब! योग्य मापाचे! प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी लावलेली. वर इंजिनियर साहेबांचा कागद: ‘दोष मालाचा. विनामूल्य बदली मंजूर.’

आणि मोजले तर प्रत्येकाच्या नावाने दोन-दोन हब होते. एक बसवायला, आणि एकावर लिहिलेलं, ‘जवळ ठेवा’. डॉक्टरांना तर एक बसवलेला असताना वर दोन! कंपनी एक द्यायला रडते, तिने न मागता दोन-दोन कसे दिले? चौघं जमले, पेढे वाटले, पण उलगडा कुणालाच होईना. भाऊंना वाटलं, सोलकढीचा गुण. सर म्हणाले, “त्या मुलाला सद्बुद्धी झाली असेल.” डॉक्टर म्हणाले, “कंपनी बुडत असेल.”

रविवारी मी नारळ घेऊन भाऊंच्या ग्रामदेवतेला गेलो. म्हटलं, कुणाचा का गुण असेना, नारळ तर फोडू. गुरवाने नारळ हातात घेतला आणि म्हणाला, “शेठ, त्या दिशी तुमचा तो पुण्याचा सायेब परत आल्ता.”

“परत? आमच्याकडून तर तो सरळ पुण्याला निघाला होता!”

“इकडनं गेला ना. गाडी चालूच ठेवली व्हती भायेर. एकटाच आत आला, इकडे तिकडे बगितलान आनि मना हळूच म्हनला, कौल लावा.”

मी नारळ विसरलो. “काय विचारलंन देवाला?”

“आमच्या कंपनीचा नवीन हब टिकेल काय, असा इचारलान.”

“मग?”

“मग काय! डावी पडली. सायेब म्हनला, पुन्ना लावा. पुन्ना लावली.” गुरवाने नारळ दगडावर आपटला. “पुन्ना डावी!”